शेऱ्याचा रकाना

नोंदवही लांबट, कापडी बांधणीची. तालुक्याच्या जुन्या कचेरीत असते तशी. पानावर शाईनं आखलेले सहा रकाने : दाखल क्रमांक, तारीख, वस्तूचं नाव, कोणाकडून, किंमत आणि अगदी उजव्या कडेला शेरा. ‘अडकित्ता, पितळी’ या नोंदीसमोर शेऱ्यात बारीक, झुकलेल्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘सासूबाईंचा. कोकणातून आणला. खीळ नवी. मोराची चोच मोडकी. देताना रडल्या.’

टेबलावर वहीशेजारी संगणक होता आणि त्यावर एक रिकामा तक्ता उघडलेला. वहीतल्या सहा रकान्यांच्या जागी तिथे साठेक रकाने होते. नोंदणीचं काम करणाऱ्या ताईंनी शेरा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, ‘‘बाकीचं बसवता येईल, मॅडम. हे शेवटचं कुठं टाकू?’’

पश्चिम महाराष्ट्रातलं हे लहानसं संग्रहालय एका शाळामास्तरांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या वस्तूंवर उभं आहे. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या हातच्या तीन नोंदवह्या उरल्यात आणि त्या आता संगणकावर चढवायच्या आहेत. ताई पूर्वी ग्रंथालयात होत्या, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं. मी दोन दिवसांसाठी म्हणून गेले होते, चार दिवस राहिले.

वहीत आहे ते वाचायचं आणि संगणकात भरायचं, एवढंच काम असेल असं मला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी ताईंनी फरक सांगितला. ‘‘पुस्तकाला नामपृष्ठ असतं. लेखक, प्रकाशक, साल, सगळं तेच सांगतं. आपण फक्त उतरवून घ्यायचं. वस्तूला नामपृष्ठ नसतं. ते आपल्याला लिहावं लागतं.’’ या लेखात मला जे म्हणायचं आहे त्याचा गाभा हाच. तक्त्यातला प्रत्येक रकाना म्हणजे वस्तूला विचारायचा एक प्रश्न. तक्ता आखणारा माणूस जो प्रश्न ठेवत नाही, तो पुढची पन्नास वर्षं कुणी विचारत नाही. आणि तोवर उत्तर ठाऊक असलेली माणसं गेलेली असतात. म्हणून रकाने आखणं हे कारकुनी काम आहे, असं मानायला मी तयार नाही.

अडकित्ता आमच्यासमोर सुती कापडावर ठेवला होता. वहीत ‘पितळी’ म्हटलंय. पण पितळी आहेत त्या दोन भुजा आणि त्यांवरचा मोर. सुपारी कातरणारं पातं लोखंडी, खीळही लोखंडी. द्रव्याचा रकाना एकच असेल तर पातं नोंदीतून नाहीसं होतं, म्हणजे ज्या भागामुळे अडकित्ता अडकित्ता ठरतो तोच भाग. तेव्हा हा रकाना पुन्हा पुन्हा भरता यायला हवा आणि प्रत्येक वेळी शेजारी ‘कोणता भाग’ हेही लिहिता यायला हवं. मापांचंही तसंच. अडकित्त्याची लांबी मिटलेला असताना घ्यायची की उघडल्यावर? ताईंनी मिटवून मोजला आणि तसं लिहिलं. ब्रिटनमधल्या संग्रहालयांनी १९९४ मध्ये ‘स्पेक्ट्रम’ नावाची नोंदणीची मानकं प्रसिद्ध केली. आज ती अनेक देशांत वापरतात. त्यांत मापासाठी एकट्या आकड्यावर भागवलेलं नाही : काय मोजलं, कोणता भाग मोजला, आकडा, एकक आणि मोजल्याची तारीख, असे वेगवेगळे रकाने आहेत. पहिल्यांदा वाचताना मला हा अतिरेक वाटला होता. अडकित्ता हातात घेतल्यावर वाटला नाही.

मग ‘कोकणातून आणला’. आणला कुणी? सासूबाईंनी लग्नात माहेराहून? घरच्या पुरुषानं कुठल्या जत्रेत विकत घेतला? की तिथे घडवून घेतला? वस्तू घडली ते ठिकाण, वापरात होती ते ठिकाण आणि संग्रहालयाला मिळाली ते ठिकाण ही तीन निरनिराळी ठिकाणं असू शकतात. घाईत ‘घडण्याचं ठिकाण : कोकण’ असं भरलं, तर उद्या पितळकामाचा नकाशा काढणारा अभ्यासक त्यावर विश्वास ठेवून एक ठिपका काढेल आणि तो ठिपका पुस्तकांतून पुढे जात राहील. ताईंनी तो रकाना कोरा ठेवला. ‘पूर्वीचं ठिकाण’ या रकान्यात कोकण लिहिलं आणि आधार म्हणून ‘दाखल वही, शेरा’ अशी नोंद केली.

नावाच्या रकान्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण तिथे माझी स्वतःची एक जखम आहे. आमच्या घरची फणेरपेटी माझ्या आईनं एका संग्रहालयाला दिली होती. झाकणात आतून आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी यांसाठी कप्पे. आई गेल्यानंतर ती पेटी पाहावीशी वाटली म्हणून गेले, तर फणेरपेटी नावाची वस्तूच यादीत सापडेना. तिथली माणसं चांगली होती, दिवसभर माझ्याबरोबर शोधत बसली. पेटी शेवटी मिळाली ती ‘लाकडी पेटी’ म्हणून, दागिन्यांच्या आणि दौतीच्या पेट्यांच्या रांगेत. भरणाऱ्यानं जे डोळ्यांना दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण घराघरांत बायका जे नाव उच्चारत होत्या, ते नाव विचारणारा रकानाच तिथे नव्हता.

नावांची शिस्त लावायचे प्रयत्न जगात फार गंभीरपणे झाले आहेत. अमेरिकेत रॉबर्ट चेनहॉल यांनी १९७८ मध्ये मानवनिर्मित वस्तूंच्या नावांची एक पद्धतशीर रचना पुस्तकरूपानं मांडली. वस्तू मुळात ज्या कामासाठी घडवली गेली त्या कामावरून तिचा वर्ग ठरवायचा, हे तिचं सूत्र. वापरून पाहिलं तर हे सूत्र भक्कम आहे. त्यानं अडकित्ता आणि वज्री एकाच ‘पितळी वस्तू’ या गठ्ठ्यात पडत नाहीत : एक पानसुपारीकडे जाते, दुसरी पाय घासायच्या जागी, न्हाणीत. पण देवघरातला टाक घ्या. चांदीच्या पत्र्यावर उठवलेलं कुलदैवत. ‘धातूचं उठावकाम’ हा त्याचा वर्ग खरा, पण ज्या घरानं रोज त्याला स्नान घातलं त्या घरासाठी तो देव आहे. झिजलेला टाक सोनाराकडे देऊन नवा करून घेण्याची रीत आहे. मग हा टाक तसा न जाता संग्रहालयात कसा आला, हा प्रश्न वर्गापेक्षा मोठा ठरतो. माझ्या मते नावाचे रकाने किमान तीन हवेत : वर्गाचं नाव, अभ्यासकांचं नाव आणि ज्यांच्या घरातून वस्तू आली त्यांच्या तोंडचं नाव. तिसरं त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच उच्चारानं.

‘कोणी घडवली’ या रकान्यात आपल्याकडे बहुतेक वेळा एकच शब्द असतो : अज्ञात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात उभी राहिले की मला हे हटकून आठवतं. दिनकर गंगाधर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या स्मरणार्थ त्यांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, दरवाजे असं घरगुती वापरातलं विश्व जमवलं आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा. त्यांतल्या साधारण अडीच हजारच एका वेळी मांडलेल्या दिसतात. उरलेल्या वस्तू आपल्यापर्यंत पोहोचतात त्या नोंदींतूनच. आणि त्या घडवणारे हात खरोखरच अज्ञातवासात गेले आहेत.

पण ‘अज्ञात’ लिहून पुढे जायची इतकी घाई नको. स्पेक्ट्रममध्ये निर्मात्यासाठी व्यक्ती, संस्था, समाज आणि ठिकाण असे वेगळे रकाने आहेत. व्यक्तीचं नाव नसलं तरी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोड्याच्या ठोक्यांनी तांब्याची भांडी घडवणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुरावा असेल तर ‘समाज : तांबट, ठिकाण : तांबट आळी’ असं लिहिता येतं. व्यक्तीचा रकाना कोरा राहतो, पण उद्या आळीतल्या कुणा म्हाताऱ्यानं ठोक्याची ठेवण ओळखून घराणं सांगितलं, तर ते कुठे लिहायचं हे ठरलेलं असतं.

सगळ्यांत जास्त वेळ आमचा गेला तारखेच्या रकान्यात. संगणकाला चार आकडी इसवी सन हवं असतं. आपल्या वस्तू तसं बोलत नाहीत. मास्तरांच्या संग्रहालयात एक घंटा आहे, तिच्यावर शके आणि संवत्सराचं नाव कोरलेलं आहे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन, हे आपण शाळेत शिकतो. ते किती फसवं ठरतं हे पानिपतावरून कळेल. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२ मध्ये झाली. अठ्ठ्याहत्तर मिळवले तर येतात १७६०. पण तो दिवस होता १४ जानेवारी १७६१. शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, त्यामुळे एक शके नेहमी दोन इसवी सनांवर पसरलेलं असतं. तिथीसुद्धा कोरलेली नसेल, तर शके १६८२ म्हणजे १७६० चा चैत्र ते १७६१ चा फाल्गुन, याहून नेमकं काही म्हणता येत नाही. पेशवेकाळातल्या मोडी कागदांवर तर मृग लागला की बदलणारा सुहूर सन असतो, तोही अरबी संख्याशब्दांत. पानिपतचं ते साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’ : एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. त्यात कधी ५९९ मिळवायचे, कधी ६००, हे महिन्यावर ठरतं.

म्हणून तारखेला एक रकाना पुरत नाही. वस्तूवर जसं लिहिलंय तसं, अक्षर न बदलता, एका रकान्यात. कालगणना कोणती ते दुसऱ्यात. मग अलीकडची मर्यादा आणि पलीकडची मर्यादा. मग हे कशावरून ठरवलं आणि कुणी. घंटेवरचं संवत्सराचं नाव ताईंनी पंचांगाच्या साठ नावांशी ताडून पाहिलं. शके १६८२ ला विक्रम संवत्सर येतं, तसं प्रत्येक शकाला ठरलेलं नाव असतं, त्यामुळे कोरणाऱ्याची किंवा वाचणाऱ्याची एका आकड्याची चूक तिथेच पकडता येते. घंटेचा आकडा आणि नाव जुळलं. ताईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मला फार आवडलं.

तारीख कुणी ठरवली हे लिहिणं किती आवश्यक आहे, याचं आपल्याच मातीतलं उदाहरण दायमाबादचं आहे. प्रवरेच्या काठी, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १९७४ मध्ये भिल्ल समाजातल्या एका गावकऱ्याला झाडाची मुळं खणताना चार धातूमूर्ती सापडल्या : बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजन. त्या शास्त्रीय उत्खननातून वर आल्या नाहीत, त्यामुळे कोणत्या थरातल्या हे थेट सांगता येत नव्हतं. म. के. ढवळीकर यांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून त्या उत्तर हडप्पा काळातल्या ठरवल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवलं : यांत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असं मिश्रण आढळत नाही, म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात. दोन मतांमध्ये हजार-दीड हजार वर्षांचं अंतर पडू शकतं. आता काळाचा एकच रकाना असलेला तक्ता समोर आला तर भरणारा काय करेल? कुठलं तरी एक मत लिहील, आणि दुसरं मत त्या वस्तूच्या नोंदीतून पुसलं जाईल. काळाचा रकानासुद्धा पुन्हा पुन्हा भरता आला पाहिजे. प्रत्येक मतापुढे नाव, वर्ष आणि आधार. आणि झाडाच्या मुळाशी ज्याच्या हाताला त्या लागल्या त्या माणसासाठीही एक रकाना हवा. देणगीदाराला आपण न चुकता विचारतो. सापडवणाऱ्यालाही विचारायला हवं.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या माणसाला ही गोष्ट नवी वाटणार नाही, कारण सातबारा त्याच्या ओळखीचा आहे. सातबाऱ्यावरचं नाव कुणी खोडून दुसरं लिहीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक पडतो, ती मंजूर होते, आणि मग तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो. आजोबांच्या काळापासून जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते फेरफार काढले की कळतं. वस्तूची नोंदही अशीच चालायला हवी. काल ‘कांस्य’ लिहिलं, आज तपासणीत पितळ निघालं, तर कांस्य पुसायचं नाही. कुणी म्हटलं होतं, केव्हा, आणि कोणत्या तपासणीनं बदललं, हे मागे राहिलं पाहिजे. चांगल्या संगणकप्रणालींत ही सोय असते. ती चालू ठेवली आहे ना, हे मात्र पहिल्याच दिवशी पाहावं लागतं.

या कामाचा इतिहास मोठा आहे, तो थोडक्यातच सांगते. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संग्रहालयांनी एकत्र येऊन म्युझियम कॉम्प्युटर नेटवर्क सुरू केलं. त्या काळच्या छिद्रित कार्डावर ऐंशी अक्षरांची जागा असे आणि त्यात बसेल तेवढंच वर्णन. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकनं ‘जतन’ ही प्रणाली घडवली. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या दहा संग्रहालयांत ती बसवण्यात आली. त्यांत मुंबईची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची शाखा आणि जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालयही आहे. गोव्यापासून कोलकात्यापर्यंतच्या नोंदी एका साच्यात आल्या, ही साधी गोष्ट नाही.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण भोगावी लागते. या संग्रहालयात वीसेक वर्षांपूर्वी कुणा उत्साही तरुणानं एका वहीची यादी संगणकावर टंकून ठेवली होती. पण ती त्या वेळच्या फाँटमध्ये. तो फाँट आता कुणाकडेच नाही. धारिका उघडली की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. मुलानं महिनोन्‌महिने केलेली मेहनत अशी कुलूपबंद पडली आहे. युनिकोड आल्यापासून हे संकट टळलं, तरी शुद्धलेखनाचं उरतं : दौत, दऊत, दवात. ताईंनी भिंतीवर एक कागद चिकटवलाय, त्यावर मान्य नावं आणि प्रत्येकापुढे त्याची भावंडं. शोधताना कुठलंही टाका, वस्तू सापडली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वहीत एक नोंद निघाली : ‘फासे, पाखरे धरण्याचे. गुन्हेगार जमातीकडील.’ मास्तर सहृदय माणूस होते, पण ते त्यांच्या काळाच्या शब्दांत लिहीत होते. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण वह्यांतले शब्द तसेच राहिले. खोडावं, तर अन्यायाचा पुरावाच नाहीसा होतो. तसंच ठेवावं, तर फासेपारध्यांची एखादी मुलगी उद्या ही नोंद उघडेल तेव्हा तिच्या आजोबांच्या हातची कारागिरी या शब्दाखाली दिसेल. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०१५ मध्ये आपल्या नोंदींतली वसाहतकाळची शब्दयोजना तपासायला घेतली होती, तिथेही हाच पेच होता. ताईंनी आणि मी बराच वेळ बोलून असं ठरवलं : ‘मूळ नोंदीतला मजकूर’ नावाचा रकाना, त्यात जुना शब्द तारखेसह, फक्त अभ्यासासाठी उघडणारा. सर्वांना दिसणाऱ्या भागात वस्तूचं नाव फासे, समाज फासेपारधी. विणीची पद्धत हा रकाना कोरा ठेवला. ती त्या समाजातल्या जाणत्या माणसाला विचारूनच भरायची.

अडकित्त्यावर क्रमांक घालायचं काम दुपारच्या उजेडात झालं. आतल्या बाजूला, चटकन दिसणार नाही पण शोधल्यावर सापडेल अशा जागी, आधी पॅरालॉइड बी-७२ चा पारदर्शक थर. तो वाळल्यावर बारीक निबेनं क्रमांक. वर पुन्हा थर. गरज पडली तर अॅसिटोननं सगळं निघून येतं, धातूला धक्का लागत नाही. एवढ्याशा क्रमांकावर सगळी नोंद टांगलेली असते. तो नसेल तर काय होतं हे २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमनं अनुभवलं. सुमारे दोन हजार वस्तू हरवल्या, चोरीला गेल्या किंवा खराब झाल्या असं उघड झालं. त्यांतल्या कित्येक नीट नोंदवलेल्याच नव्हत्या, त्यामुळे बाजारात दिसलेली वस्तू आपलीच हे सिद्ध करणंही अवघड गेलं. त्यानंतर चोवीस लाख नोंदी नव्यानं चढवण्याचा किंवा सुधारण्याचा पाच वर्षांचा कार्यक्रम त्यांनी जाहीर केला.

चोरीच्या वस्तू ओळखता याव्यात म्हणून १९९७ मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा एक छोटा तक्ता जगभर पुढे आला. त्यात मोजकेच प्रश्न आहेत आणि त्यांतला एक मला फार मोलाचा वाटतो : या वस्तूला इतरांपासून वेगळं पाडणारी खूण कोणती? तुटफूट, डागडुजी, घडणीतला दोष. एका साच्याच्या शंभर अडकित्त्यांत हाच अडकित्ता कशावरून? मोराची मोडकी चोच आणि नवी खीळ यांवरून. मास्तरांनी हा तक्ता पाहिलेला असणं शक्यच नव्हतं. तरी त्यांनी नेमकं तेच शेऱ्यात टिपून ठेवलं होतं.

राहिलं ते शेवटचं वाक्य. चौथ्या दिवशी आम्ही परत त्याच्यावर आलो. स्पेक्ट्रममध्ये मालकाचा वैयक्तिक अनुभव आणि प्रतिसाद यांसाठी रकाने आहेत, हे मी ताईंना सांगितलं. त्या विचार करत म्हणाल्या, ‘‘पण हे बाईंनी सांगितलेलं नाही, मॅडम. मास्तरांनी पाहिलेलं आहे.’’ बरोबर होतं. वस्तू देणाऱ्याचं म्हणणं वेगळं, घेणाऱ्यानं पाहिलेलं वेगळं. त्यांनी तक्त्यात एक नवा रकाना तयार केला, ‘स्वीकारताना पाहिलेलं’. त्यात लिहिलं : देताना रडल्या. पाहणारा : संस्थापक. आधार : दाखल वही पहिली, शेरा. शेजारी एक खूण केली, हा रकाना लोकांसाठीच्या पडद्यावर दिसायचा नाही. त्या घरच्या कुणी होकार दिला तरच.

मग पुढची ओळ. ‘पानाचा डबा, तांब्याचा.’ शेरा कोरा. ताईंनी बोट तिथेच ठेवलं, थोडं थांबल्या, आणि देणाऱ्यांच्या पत्रांची फाइल काढायला कपाटाकडे गेल्या.